हे पोर कोणाचे?



आज आपण माशांच्या पोरांविषयी बोलू. तुम्ही म्हणाल, "आम्हांला मासे काय शिकवता? आमचा जन्म बंदरावर गेला." खरे आहे. मोठा मासा ओळखण्यात तुमचा हात कोणी धरणार नाही. पण माशाचे लहान पोर ओळखणे सोपे नाही. तिथे भले भले चुकतात.

एकदा आम्ही एका बंदरावर बसलो होतो. एक आजी जवळा निवडत होत्या. जवळ्यात बारीक मासळी पुष्कळ होती. आम्ही विचारले, "आजी, हे चपटे चपटे काय?" आजी म्हणाल्या, "त्याला काय नाव? तो कचरा! सुकवायचा आणि खताला द्यायचा." आम्ही एक उचलून तळहातावर ठेवला. उन्हात तो रुपयासारखा चमकला. आजींनी डोळे बारीक करून पाहिले आणि म्हणाल्या, "अगं बाई, हे तर पापलेटचं पोर!"

मंडळी, त्या टोपलीत कचरा नव्हता. पुढच्या हंगामाची कमाई होती.

आता नीट समजून घेऊ. सगळी बारीक मासळी म्हणजे पोरे नव्हेत. जवळा बोटाच्या दोन पेरांएवढाच असतो. तो त्याचा पुरा वाढलेला आकार. मांदेली सहसा वितीपेक्षा मोठी होत नाही. ही जातच लहान. पण पापलेट, सुरमई, घोळ यांचे बोटभर पिल्लू सापडले, तर ते पोरच. म्हणून मासा हातात आला की दोन प्रश्न विचारावेत. हा मुळातच लहान आहे का? की हे मोठ्याचे पोर आहे?

एक साधी परीक्षा आहे. पोट चिरून पाहा. गाबोळी भरलेली असेल, तर मासा लहान दिसला तरी वयात आलेला आहे. मात्र गाबोळी नाही म्हणून तो पोरच, असे म्हणू नये. तो नर असेल किंवा अंडी घालून मोकळा झाला असेल.

पोरे ओळखता का येत नाहीत? कारण ती आईबापांसारखी दिसत नाहीत. समुद्रातल्या पुष्कळ माशांची अंडी खसखशीच्या दाण्याएवढी असतात. ती काचेसारखी असतात आणि पाण्यावर तरंगतात. पोर बाहेर येते तेव्हा त्याचे तोंडही उघडलेले नसते. पोटाला बलकाची पिशवी लटकत असते. ती त्याची शिदोरी. शिदोरी संपेपर्यंत तोंड उघडते आणि पोर खाऊ लागते.

लेप तुम्ही रोज पाहता. त्याचे दोन्ही डोळे एकाच अंगाला असतात. पण जन्मतः त्याला दोन्ही बाजूंना एकेक डोळा असतो. वाढता वाढता एक डोळा सरकत दुसऱ्या बाजूला जातो. मग लेप आडवा होऊन तळाशी पडून राहतो. लहान हलव्याला पोटाखाली दोन छोटे पर असतात. मोठा झाल्यावर ते नाहीसे होतात.

वामीचे पोर तर पारदर्शक पानासारखे असते. वामीच्या नात्यातल्या एका माशाचे असेच पोर युरोपात सापडले होते. तिथल्या पंडितांनी तो वेगळाच मासा समजून त्याला वेगळे नावही दिले. पुढे १८९६ च्या सुमारास इटलीतल्या दोन शास्त्रज्ञांनी ती पोरे टाकीत ठेवली. त्यांच्या डोळ्यांदेखत पानासारखे पोर आखडले आणि गोल झाले. तेव्हा खरे आईबाप कळले. पंडित चुकले, तर आजी चुकल्या यात नवल काय?

मग शास्त्रज्ञ पोर ओळखतात कसे? बारीक कापडाच्या जाळ्याने ती पाण्यातून गाळून घेतात आणि भिंगाखाली पाहतात. एक रीत अशी. ओळखीचा मासा घ्यायचा. त्याच्याशेजारी त्याच जातीचा थोडा लहान ठेवायचा, मग आणखी लहान. अशी उतरती रांग लावत पार इवल्या पोरापर्यंत जायचे. दुसरी रीत म्हणजे ओळखीच्या माशाची अंडी घेऊन ती टाकीत वाढवायची.

खुणाही पाहतात. अंगावर काळे ठिपके कुठे आहेत? आतडे केवढे आहे? तारलीच्या पोराचे आतडे लांब, सरळ, जवळजवळ शेपटीपर्यंत गेलेले असते. अंगावरच्या मांसाच्या वळ्याही मोजतात. जेवढे मणके, जवळपास तेवढ्याच वळ्या. बांगड्याला ३१ मणके. सुरमईला ४० च्या वर. रूप बदलते, पण हा हिशेब बदलत नाही.

आपल्याला भिंग नको. बोटभर वाढलेले पोर डोळ्यांनी ओळखता येते. बोंबलाची शेपटी तीन टोकांची असते. पापलेटला पोटाखाली पर नसतात. अशा खुणा तुम्हांला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहेत. त्या घरातल्या मुलांना, सुनांना सांगा. निवडणाऱ्या हाताला खूण ठाऊक हवी.

महाराष्ट्र सरकारने २०२३ साली ५४ जातींच्या मासळीचे कमीत कमी माप ठरवले. पापलेटसाठी ते १३५ मिलिमीटर, म्हणजे साडेतेरा सेंटिमीटर आहे. त्याहून लहान पकडू नये असा नियम आहे. आता तुम्हांला आकडे वाचता येतात. पट्टी घ्या आणि मोजा.

कोणी म्हणेल, "जाळ्यात आलेले पोर मेलेलेच असते. मोजून काय उपयोग?" हा प्रश्न रास्त आहे. बहुतेक पोरे जाळ्यातच मरतात. म्हणून ओळख किनाऱ्यावर होऊन भागत नाही. कुठल्या जागी, कुठल्या महिन्यात जाळ्यात पोरेच जास्त येतात, ते टोपली पाहून वहीत लिहून ठेवा. तांडेलाला सांगा. त्या वेळी ती जागा सोडावी, जाळ्याचे आस मोठे ठेवावेत. पण एकट्याने हे केले, तर त्याची चूल विझेल. साऱ्या गावाने मिळून ठरवले पाहिजे.

शेतकरी उपाशी राहील, पण बियाणे खाणार नाही. आपले बियाणे पाण्यात आहे. ते दिसत नाही, म्हणून ओळखायला शिकायचे. उद्या टोपली निवडताना एक बारीक मासा हातात घ्या आणि विचारा, "हे पोर कोणाचे?"