सी ड्राइव्हवरील जागा मोकळी करणे
(शाळेतील संगणक सांभाळणाऱ्या शिक्षकांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



शाळेचे दप्तर पूर्वी एका लाकडी कपाटात मावत असे. आता त्यातील पुष्कळसा भाग संगणकात गेला आहे, आणि संगणकाचेही कपाट भरते. ऐन माहिती भरावयाच्या शेवटच्या दिवशी जागा उरली नसल्याची सूचना पडद्यावर येते. वर्डमधील पत्र जतन होत नाही, पीडीएफ उतरत नाही, विंडोजची सुधारित आवृत्ती अर्ध्यावर अडते. यंत्र बिघडले असे समजून ते तालुक्याच्या गावी दुरुस्तीस नेले जाते. वस्तुतः बिघाड असा कोणताच नसतो. यंत्राची काम करण्याची जागा तेवढी संपलेली असते.

ही जागा म्हणजे सी ड्राइव्ह. ए आणि बी ही अक्षरे आरंभीच्या वैयक्तिक संगणकांत फ्लॉपीच्या खणांना दिलेली होती. पुढे आत बसविलेली हार्ड डिस्क आली, तिच्या वाट्यास सी हे अक्षर आले. १९८३ साली आयबीएम कंपनीने विक्रीस आणलेल्या पीसी एक्सटी या संगणकाची ती डिस्क अवघी १० मेगाबाइटची होती. त्याही मागे, १९५६ मध्ये याच कंपनीने तयार केलेल्या रॅमॅक यंत्राच्या ५० तबकड्यांवर मिळून सुमारे ५० लाख अक्षरे मावत. आज स्नेहसंमेलनात मोबाइलवर काढलेले एक छायाचित्र साधारण तेवढीच जागा घेते. तेव्हा डिस्क कितीही वाढल्या तरी त्या भरण्याचे कसब माणसाने त्याहून अधिक वाढविले आहे, हे उघड आहे.

सी ड्राइव्हवर विंडोज स्वतः राहते आणि तेथेच आपली कामे करते. पुष्कळ शाळांतील यंत्रांत हा भाग लहान असतो. काही लॅपटॉपांत मुळात ३२ किंवा ६४ जीबीचीच साठवण असते, काहींत १२८ जीबीची एसएसडी असते. तर काहींत मोठ्या डिस्कचे दोन भाग पाडताना सी चा भाग अपुरा ठेवलेला असतो. (१२८ जीबी म्हणून घेतलेली डिस्क पडद्यावर ११९ जीबी दिसते, म्हणून दुकानदाराशी वाद घालण्याचे कारण नाही. कारखानदार हजाराच्या पटीने मोजतो, विंडोज १०२४ च्या पटीने.)

जागा मोकळी करण्याचे काम शिक्षकास अपरिचित नाही. कार्यालयीन अभिलेखांचे अ, ब, क, ड असे वर्गीकरण त्याला ठाऊक असते. ‘अ’ वर्गाचे कागद कायम जतन करावयाचे, ‘ड’ वर्गाचे मुदत सरताच नष्ट करावयाचे. आणि ड वर्गाचा गठ्ठा बांधल्यावाचून कोणी कागदास काडी लावीत नाही. संगणकावर मात्र हाच मनुष्य घाईच्या वेळी दिसेल ते पुसू लागतो. अडचण तेथे उत्पन्न होते. सी ड्राइव्हवर तीन मालकांच्या वस्तू एकत्र नांदतात: विंडोजच्या कामाच्या, विंडोजने टाकून दिलेल्या आणि शाळेच्या. पुसावयाच्या त्या फक्त मधल्या.

या टाकाऊ वस्तू काढण्याची सोय विंडोजमध्येच आहे. सेटिंग्ज उघडून सिस्टिम व त्यात स्टोरेज येथे गेले असता कोणत्या प्रकारच्या वस्तूंनी किती जागा अडविली आहे ते दिसते. ‘टेम्पररी फाइल्स’ या शीर्षकाखाली सुधारणांचे उरलेले साहित्य, तात्पुरत्या फाइली, रिसायकल बिन अशी यादी येते. विंडोजची मोठी आवृत्ती नुकतीच बदललेली असल्यास ‘प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन’ हे नावही आढळते. ते पूर्वीचे विंडोज होय आणि त्याने कित्येक जीबी अडविलेले असतात. साधारणतः १० दिवसांनी ते आपोआप जाते. आधी काढल्यास जुन्या आवृत्तीकडे परत जाता येत नाही, एवढे जाणून ते काढावे. रिसायकल बिनविषयी एक गैरसमज सार्वत्रिक आहे. तेथे गेलेली फाइल पुसली गेलेली नसते. टोपलीतील कागद जसा वर्गातच असतो, तशी ती सी ड्राइव्हवरच असते, व टोपली रिकामी होईपर्यंत एक बाइटही मोकळा होत नाही.

याच यादीत ‘डाउनलोड्स’ हे नाव दिसते, आणि येथे हात आवरावयाचा असतो. डाउनलोड्स हा कप्पा नावाने तात्पुरता वाटतो. प्रत्यक्षात शाळेची वेतनपत्रके, विद्यार्थ्यांच्या याद्या, भरून घेतलेल्या माहितीच्या प्रती बहुधा तेथेच पडलेल्या असतात, कारण उतरविलेली फाइल योग्य कप्प्यात हलविण्यास कोणालाच सवड नसते. २०१८ च्या अखेरच्या विंडोज १० आवृत्तीत डिस्क क्लीनअप या जुन्या साधनाच्या यादीतही हे नाव आले होते. सवयीने सर्व चौकटींत खुणा करणाऱ्यांचे त्यायोगे नुकसान होऊ शकत होते. २०२० च्या आवृत्तीत ते तेथून काढून टाकण्यात आले. सेटिंग्जमधील यादीत मात्र ते अद्याप आहे. तेथील चौकट रिकामीच ठेवावी व तो कप्पा स्वतः उघडून एकेक फाइल पाहावी.

डेस्कटॉपचेही तसेच आहे. पडद्यावर मांडलेली फाइल संगणकाच्या बाहेर कोठे तरी आहे अशी अनेकांची समजूत असते. डेस्कटॉप हा सी ड्राइव्हवरचाच एक कप्पा आहे. स्नेहसंमेलनाच्या चित्रफिती तेथे ठेवल्या, आणि मोबाइलवरील चित्रफितीस मिनिटाला १०० एमबीच्या आसपास जागा लागते, तर तासाभराच्या चित्रीकरणात सहा जीबी गेले.

विंडोजच्या कामाच्या वस्तूंना हात लावू नये. विनएसएक्सएस नावाचा कप्पा आकाराने फार मोठा दिसतो. त्यातील पुष्कळ फाइली दोन ठिकाणी नोंदलेल्या असून जागा एकदाच घेतात, त्यामुळे तो आहे त्याहून मोठा भासतो. तो हाताने पुसल्यास विंडोज सुरू न होण्याची वेळ येते. एका मोठ्या फाइलीबाबत मात्र विचार करण्यास वाव आहे. यंत्र ‘हायबरनेट’ करताना स्मृतीतील मजकूर ठेवण्यासाठी विंडोज जागा राखून ठेवते. ८ जीबी स्मृतीच्या यंत्रात ती सामान्यतः तीन जीबीहून थोडी अधिक असते. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून पॉवरसीएफजी, तिरकी रेघ, एच व ऑफ अशी आज्ञा दिल्यास ती मोकळी होते. मेजावरच्या संगणकावर हे खुशाल करावे. यंत्र सुरू होण्यास किंचित अधिक वेळ लागेल इतकेच. लॅपटॉपवर मात्र करू नये. वीज गेलेली असताना बॅटरी संपत आली की चालू काम वाचविण्याचा तोच एक मार्ग असतो.

शाळेच्या वस्तू पुसावयाच्या नसतात, हलवावयाच्या असतात. समजा, दोन शिक्षकांच्या एखाद्या शाळेत मुख्याध्यापकांनी पाच वर्षांच्या निकालपत्रकांचा कप्पा ‘कट’ करून पेनड्राइव्हवर टाकला आणि मध्येच पेनड्राइव्ह उपटला गेला. काही फाइली इकडे, काही तिकडे, एखादी कोठेच नाही. म्हणून आधी ‘कॉपी’ करावी, पेनड्राइव्ह दुसऱ्या संगणकास लावून दोनचार फाइली उघडून पाहाव्यात, आणि मगच मूळ प्रत पुसावी. विद्यार्थ्यांच्या नोंदी एकाच पेनड्राइव्हवर विसंबून ठेवणेही बरे नव्हे. त्याची आणखी एक प्रत दुसऱ्या ठिकाणी असावी. पेनड्राइव्हवरून पुसलेली फाइल सहसा रिसायकल बिनमध्ये जातच नाही. जुन्या फिरत्या डिस्कवरून पुसलेला मजकूर जाणकारास कधी कधी परत मिळविता येई. एसएसडीवर पुसलेल्या जागा यंत्र स्वतःच साफ करते, म्हणून तेथे तशी आशा जवळजवळ उरत नाही.

डी ड्राइव्ह असल्यास कायमची सोय करता येते. डॉक्युमेंट्स कप्प्याच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘लोकेशन’ या भागात डी ड्राइव्हवरील नवीन कप्पा नेमून दिला की पुढील फाइली आपोआप तेथे जातात. डाउनलोड्सलाही हेच लागू आहे. डिस्कचे भाग नव्याने पाडून सी वाढविण्याचे काम मात्र जाणत्या तंत्रज्ञाकडे, तेही सर्व प्रती बाहेर काढून झाल्यावरच, सोपवावे.

राहता राहिली ३२ जीबीची यंत्रे. विंडोज ११ ला किमान ६४ जीबी साठवण लागते, आणि विंडोज १० ची सर्वसाधारण मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. अशा यंत्रावर कितीही साफसफाई केली तरी विंडोज ११ त्यावर बसणार नाही. त्यावरील शाळेच्या नोंदी आधी दुसरीकडे न्याव्यात, वेतनाचे व विद्यार्थ्यांच्या माहितीचे काम त्यावर करणे थांबवावे, आणि इंटरनेट न जोडता वर्गात पाठ दाखविण्यासाठी ते वापरावे. चित्रे व ध्वनिफिती पेनड्राइव्हवरून चालविल्यास तेवढ्या कामापुरती त्याची जागा पुरते.