मोटारसायकलवरून परदेशी जाण्यापूर्वी

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या सभागृहात डिसेंबर २०२५ मध्ये केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला खरं तर 'निवृत्तीनंतरचं आर्थिक नियोजन' हा विषय दिला होता. तो मी बदलून मागितला. बी विंगमधली तीन मुलं पुढच्या वर्षी मोटारसायकलवरून नेपाळला आणि जमलं तर त्याच्याही पुढे जायचं म्हणतायत. त्यांच्यापैकी दोघांच्या वडिलांनी मला जिन्यात गाठून विचारलं, "साहेब, हे कार्नेट-कार्नेट म्हणतात ते काय? आणि त्यावर आमची सही कशाला?" त्यामुळे आजचा विषयही तसा आर्थिक नियोजनाचाच आहे.

परवान्याशिवाय गाडी पुढे जात नाही हे पोशीरच्या माणसाला शिकवायला नको. नेरळहून माथेरानला निघालात तर दस्तुरी नाक्यावर गाडी ठेवावीच लागते, मग ती पन्नास हजारांची असो की पाच लाखांची. परदेशाची सीमा हा असाच एक दस्तुरी नाका. फरक एवढाच की तिथे योग्य कागद दाखवला तर गाडीही आत जाते.

आधी जवळचं सांगतो. नेपाळला मी स्वतः २०१३ साली, बासष्टाव्या वर्षी, बुलेटवरून सोनौलीमार्गे गेलो आहे. तिथे आपलं लायसन्स चालतं, व्हिसा लागत नाही, कार्नेटही लागत नाही. सीमेवर 'भन्सार' म्हणून जकातीची पावती घ्यायची असते. जितके दिवस राहणार तितक्या दिवसांचे पैसे भरायचे. दोन दिवस जास्तीचे भरून ठेवा, कारण मुदतीनंतर सापडलात तर दंड बसतो. वर्षाला तीस दिवसांची मर्यादा आहे. ओळखीसाठी पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र न्या. तरुणांनी नुसत्या आधार कार्डावर विसंबू नये. पासष्टच्या वरच्यांना मात्र आधार चालतं, म्हणजे या बाबतीत तरी आम्ही म्हातारे फायद्यात! भूतानला ओळखीचे नियम साधारण असेच, पण फुन्शोलिंगला परवाना काढावा लागतो, आणि सप्टेंबर २०२२ पासून भारतीयांनाही माणशी रात्रीला १२०० रुपये शुल्क आहे. दहा दिवसांच्या सहलीचं गणित घरीच करा.

एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. आपल्या गाडीचा विमा देशाच्या हद्दीपर्यंतच असतो. नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका अशा शेजारी देशांसाठी थोडा जादा हप्ता भरून पॉलिसीची हद्द वाढवून मिळते. ते पृष्ठांकन निघण्याआधी लेखी घ्यायचं. एजंट "काही होत नाही काका" म्हणाला तरी घ्यायचं.

आता लांबचं. नेपाळ-भूतान सोडून पुढे जायचं तर आंतरराष्ट्रीय वाहन परवाना हवा. तो आरटीओ देतं. आपल्याला पनवेलला जावं लागतं, अर्ज फॉर्म ४-ए वर. १९४९ च्या जिनिव्हा करारावर त्याची मान्यता आहे. मुदत एक वर्ष, पण मूळ लायसन्स आधी संपत असेल तर तेवढीच. तेव्हा आधी लायसन्स काढून तारीख बघा. चीन हा परवाना मानत नाही. तिबेटच्या वाटेने जायचं तर तिथला तात्पुरता परवाना आणि सोबत वाटाड्या घ्यावा लागतो, आणि तो खर्च चार-पाच जणांत वाटला तरच परवडतो. गाडीच्या मागे 'आयएनडी' ही अक्षरं हवीत. गाडीवर कर्ज असेल तर ज्याचं कर्ज त्याचं ना-हरकत पत्र घ्या. तुम्ही हप्ते भरत असलात तरी गाडी अजून पूर्ण तुमची झालेली नाही, हे मी काउंटरवर बसून फार जणांना सांगितलं आहे.

आणि कार्नेट. इराणसारख्या देशात परकी गाडी आणली की सरकारला शंका येते, हा इथे विकून तर जाणार नाही ना? विकली तर आयातकर बुडाला. म्हणून तिसऱ्या कुणीतरी हमी द्यायची की गाडी परत बाहेर जाईल, नाही गेली तर कर आम्ही भरू. त्या हमीचं पुस्तक म्हणजे कार्नेट. ते वाहनधारकांच्या संघटना देतात. मुंबईत वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन ही १९१९ सालची संस्था त्यासाठी प्रसिद्ध आहे. मुदत एक वर्ष. प्रत्येक पानाचे तीन भाग असतात. आत जाताना खालचा भाग जकातवाले फाडून घेतात, बाहेर पडताना मधला, आणि वरची स्थळप्रत पुस्तकात राहते. तिच्यावर दोन्ही वेळचे शिक्के हवेत. पैसे भरायच्या स्लिपचं अर्धुक आपण जपतो ना, तसंच. संघटना ही हमी फुकट देत नाही. ती तुमच्याकडून बँक गॅरंटी किंवा अनामत मागते. वडिलांची सही लागते ती इथे.

२०१८ मध्ये माझा पुतण्या इराण, तुर्कस्तान करत युरोपला गेला. "काका, फक्त गॅरंटी आहे, पैसे जाणार नाहीत," म्हणाला. तीस वर्षं मी जामीनदारांना हेच वाक्य ऐकताना पाहिलं होतं, तरी सही केली. साडेतीन लाखांची एफडी बँकेकडे अडकली. ती आमच्या सौ.च्या गुडघ्यांसाठी ठेवलेली होती.

वाटेत एका सीमेवर हा रात्री अकराला पोचला. मोठी रांग होती. पासपोर्टवर शिक्का पडला, फाटक उघडलं, साहेब खुशीत बाहेर. कार्नेट टाकीवरच्या पिशवीतच राहिलं. चार दिवसांनी, सहाशे किलोमीटर पुढे गेल्यावर, लक्षात आलं की बाहेर पडल्याचा शिक्काच नाही. देशाचं नाव सांगत नाही, चूक आमची होती. कागदोपत्री गाडी अजून त्याच देशात! पुढे ती जहाजाने मुंबईला आली, आमच्या दारात उभी राहिली, तरी कागद म्हणत होता की ती आलेलीच नाही.

यावर उपाय असतो. कार्नेटमध्ये 'गाडी अमुक ठिकाणी आहे' असा दाखला भरायची जागा असते. मायदेशातल्या जकात अधिकाऱ्याने गाडी समोर उभी करून, चासी आणि इंजिन नंबर ताडून त्यावर सही-शिक्का द्यायचा. तो मिळवला, सोबत पासपोर्टच्या पानांच्या प्रती, जहाजाची कागदपत्रं जोडली. मग पत्रव्यवहार. कार्नेटची मुदत संपल्यावरही वर्षभर परक्या देशाकडून मागणी येऊ शकते, त्यामुळे कुणी घाईने गॅरंटी सोडत नाही. मी त्यांच्या जागी असतो तरी सोडली नसती. एफडी मोकळी झाली फेब्रुवारी २०२० मध्ये. सौ.चा एक गुडघा तोवर उसनवारी करून झाला होता. दुसऱ्याची तारीख घेतली आणि लॉकडाऊन लागलं. तो झाला २०२२ ला. मधली वर्षं आमच्या विंगच्या जिन्याला माहीत आहेत. पुतण्या दर दिवाळीला येतो, पहिल्यांदा काकूच्या पाया पडतो, मग माझ्या.

तेव्हा मुलांनो, शिक्का बघितल्याशिवाय फाटक ओलांडायचं नाही. मागे ट्रकवाला हॉर्न वाजवेना का! प्रत्येक सीमेवर स्थळप्रतीचा फोटो काढून घरी पाठवायचा.

बाकीचं थोडक्यात. युरोपच्या शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो, पण मोटारसायकल चालवताना झालेला अपघात त्यात धरला आहे का, ते बारीक अक्षरांत वाचा. तिकडे गाडीसाठी वेगळा थर्ड पार्टी विमा घ्यावा लागतो. परकीय चलन रोख तीन हजार डॉलरपर्यंत, बाकी कार्डावर. औषधांसोबत डॉक्टरची चिठ्ठी असू द्या, आखाती देशांत आपल्याकडची काही वेदनाशामकंही बंदीच्या यादीत असतात. आणि खात्यांवर नॉमिनेशन करून निघा. अशुभ वगैरे काही नसतं त्यात.

पासपोर्ट अंगावर ठेवा. मुंबईचे योगेश आळेकरी १७ देश पार करून इंग्लंडला पोचले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये नॉटिंगहॅमला त्यांची गाडीच चोरीला गेली. गाडीबरोबर पासपोर्टही गेला. एवढ्या सीमा ओलांडलेल्या अनुभवी माणसाचं हे झालं. असं असूनही मी 'जाऊ नका' म्हणणार नाही. पुण्याच्या रमिला लटपटे मार्च २०२३ मध्ये नऊवारी नेसून गेटवेहून जगप्रवासाला निघाल्या, तेव्हा टीव्हीसमोर टाळ्या वाजवणाऱ्यांत आमच्या सौ. पहिल्या होत्या.

पुतण्याच्या त्या कार्नेटच्या सगळ्या पानांच्या झेरॉक्स माझ्याकडे आहेत, शिक्का नसलेलं पानही. येत्या रविवारी सकाळी दहाला मी सोसायटीच्या ऑफिसात त्या घेऊन बसणार आहे. बी विंगच्या तिघांनी यावं, आणि वडिलांनाही बरोबर आणावं. गॅरंटीच्या कागदावर काय लिहिलेलं असतं ते आपण ओळ-ओळ वाचू, मग सहीचं बघू.