आमचा शिडाच्या बोटीतला उन्हाळा

 

मागच्या वेळी आम्ही पापड-कुरडयांच्या हिशोबाबद्दल बोललो होतो. आजचा विषय जरा वेगळा आहे. गेल्या उन्हाळ्यात आमच्या गटातल्या आम्ही पाच जणी शिडाची बोट चालवायला शिकलो आणि शेवटी शर्यतीतही उतरलो. हसू आलं ना? आम्हालाही आलं होतं.

आमचं गाव अलिबाग तालुक्यात, अगदी समुद्राला लागून. जवळच शिडाच्या बोटींचा एक क्लब आहे. मुंबईची मंडळी तिथं बोटी चालवायला येतात. पावसाळाभर क्लब बंद असतो. पाऊस सरला की बोटी पाण्यात उतरतात आणि मे महिना अर्धा झाला की परत वर ओढतात. सुट्टीत तिथं मुलांचं शिबिर असतं. त्या शिबिराच्या नाश्ता-जेवणाचं काम आमच्या गटाला मिळालं. रोजची चाळीस ताटं. सकाळी पोहे नाहीतर घावणे, दुपारी पोळी-भाजी, आमटी-भात, सोलकढी.

जेवणं उरकली की आम्ही सुरूच्या झाडांखाली बसून भांडी घासायचो आणि मुलांची मजा बघायचो. एवढीएवढी मुलं, दोरी ओढतात काय, बोट वळवतात काय! एक दिवस तिथली शिकवणारी मुलगी, असेल बावीस-तेवीस वर्षांची, आम्हाला म्हणाली, "ताई, दुपारी दोन बोटी रिकाम्या असतात. शिकता का?"

आमच्यातल्या मावशी लगेच म्हणाल्या, "अगो, बाईमाणसानं होडीत पाय ठेवायचा नसतो." मावशी कोळीवाड्यातल्या. तीस वर्षं मासळी विकली. नवऱ्याच्या होडीला नारळी पौर्णिमेला हळद-कुंकू वाहिलं, पण त्या होडीत बसून समुद्रावर कधी गेल्या नाहीत. मासळी किनाऱ्याला लागली की त्यांचं काम सुरू. आमच्या बाकीच्यांचंही तसंच. जन्म समुद्राकाठी गेला, पण पाणी घोट्याच्या वर कधी आलं नाही.

तरी विषय डोक्यातून जाईना. मग तो गटाच्या बैठकीत मांडला. तासभर चर्चा झाली. लोक काय म्हणतील, हा प्रश्न आलाच. पण त्याहून महत्त्वाचे प्रश्न होते. पैसे कुठून? पोहता येत नाही, त्याचं काय? शेवटी तीन गोष्टी ठरल्या आणि इतिवृत्तात लिहिल्या. एक, गटाच्या बचतीतला एक रुपयाही याला लावायचा नाही; क्लबची जी थोडी फी आहे ती प्रत्येकीनं आपल्या मजुरीतून द्यायची. दोन, घरी सांगितल्याशिवाय कुणी यायचं नाही. तीन, लाइफ जॅकेट घातल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही. पाच जणी तयार झाल्या. पाचव्या मावशी. म्हणाल्या, "तुमच्यावर लक्ष ठेवायला कुणीतरी हवं."

पहिल्या दिवशी साडीवरून घोळ झाला. पाण्यात भिजलेली साडी पायात अडकते, म्हणून पंजाबी ड्रेस घालायचा आणि ओढणी किनाऱ्यावर ठेवायची असं ठरलं. मावशींनी लेकाची जुनी ट्रॅकपँट घातली. कोळीवाड्यात आठवडाभर त्याचीच चर्चा होती.

बोट चालवण्याआधी त्या मुलीनं आम्हाला बोट उलटवायला शिकवलं. कमरेएवढ्या पाण्यात बोट मुद्दाम पालथी घातली आणि ती परत सरळ कशी करायची ते दाखवलं. बोटीच्या पोटाखाली मधोमध एक लाकडी फळी असते. तिच्यावर पाय देऊन मागे रेललं की बोट हळूहळू उठते. "उलटली तर बोट सोडायची नाही, धरून राहायचं," हे तिनं आमच्याकडून दहा वेळा म्हणून घेतलं.

मग वारा. शिडाची बोट वारा जिकडे जातो तिकडेच जाते, असं आम्हाला वाटायचं. तसं नाही. वारा बाजूनं असला तर बोट सगळ्यात मजेत पळते. फक्त वाऱ्याच्या थेट तोंडावर ती जात नाही. तोंड तिकडे केलं की शीड फडफडतं आणि बोट जागच्या जागी थांबते. वारा येतो त्या दिशेला जायचं असेल तर आधी तिरकं उजवीकडे, मग वळून तिरकं डावीकडे, असं नागमोडी जावं लागतं. प्रत्येक वळणाला शिडाखालची आडवी दांडी या बाजूची त्या बाजूला जाते. त्या वेळी डोकं खाली घातलं नाही तर टेंगूळ ठरलेलं. पहिल्या आठवड्यात आम्हा पाचही जणींच्या कपाळाला हळद लागली होती.

आमच्या किनाऱ्यावर उन्हाळ्यात रात्री आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वारा जातो, तो मतलई. दुपारी जमीन तापली की समुद्राकडून वायव्येचा वारा सुटतो, तो खारा. पूर्वीचे कोळी मतलईवर बाहेर पडायचे आणि खाऱ्यावर घरी यायचे. शाळेच्या भूगोलात हे आम्ही पाठ केलं होतं. अंगावर कळलं ते आत्ता.

आणि इथं मावशींची पाळी आली. शिकवणारी मुलगी भरतीची वेळ मोबाइलवर बघत होती. मावशींनी विचारलं, "आज तिथी कुठली? चतुर्थी ना? मग तीन वाजता पूर्ण भरती." मुलगी बघतच राहिली. मोबाइलमध्येही तीनच्या आसपासचीच वेळ होती, दहा-बारा मिनिटांचा फरक. हा आपल्याकडचा जुना हिशोब आहे. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाण्याची चढ-उतार कमी. त्या दिवसापासून मुलीनं मावशींना विचारल्याशिवाय बोट पाण्यात घातली नाही. होडीत पाय न ठेवलेल्या बाईला समुद्राचं एवढं ज्ञान होतं. त्यांना ते कुणी कधी विचारलंच नव्हतं.

एका रविवारी क्लबच्या लोकांनी आम्हाला मोठ्या बोटीतून खांदेरीपर्यंत नेलं. त्या बोटीच्या पोटाखाली जड वजन असतं, त्यामुळे ती कलते पण सहजासहजी उलटत नाही. थळच्या समोरचं खांदेरी बेट आम्ही जन्मापासून लांबून बघत आलो. शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये तिथं किल्ला बांधायला घेतला, तेव्हा इंग्रजांनी अडवायला जहाजं पाठवली. मायनाक भंडारी आणि दौलतखान यांच्या लहान, उथळ होड्यांनी त्यांना दाद दिली नाही. वारा पडला की इंग्रजांची मोठी जहाजं अडकून पडायची, आणि आपली माणसं वल्ही मारून रसद पोचवायची. इतिहासात हे वाचलं होतं. पण भर दुपारी वारा पडून आमचीच बोट अर्धा तास जागच्या जागी डुलत राहिली, तेव्हा त्याचा अर्थ कळला. खडकांमुळे आम्ही बेटावर उतरलो नाही. मावशींनी बोटीतूनच वेताळाला हात जोडले.

परतताना त्या मुलीनं ‘तारिणी’ची गोष्ट सांगितली. आपल्या नौदलाची ही १७ मीटर लांबीची शिडाची बोट गोव्यात बांधली आहे. १० सप्टेंबर २०१७ ला लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी आणि आणखी पाच महिला अधिकारी तिच्यातून गोव्याहून निघाल्या आणि पृथ्वीला वळसा घालून २१ मे २०१८ ला परत आल्या. २५४ दिवस. पुढे २०२४-२५ मध्ये दिलना के. आणि रूपा ए. या दोघींनीच त्याच बोटीतून तीच फेरी पूर्ण केली. मग तिनं नेहा ठाकूरबद्दल सांगितलं. मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्यातल्या शेतकऱ्याची मुलगी. तिकडे समुद्र नाही. ती भोपाळच्या तलावावर शिकली आणि २०२३ च्या आशियाई खेळांत तिनं शिडाच्या बोटीच्या शर्यतीत रौप्यपदक आणलं. वहिनी म्हणाल्या, "आणि आपल्या तर दाराशी समुद्र!"

आता या वहिनींचंच सांगायचं आहे. ते सांगितल्याशिवाय ही गोष्ट पूर्ण होत नाही.

एप्रिलच्या शेवटी एके दिवशी जेवणं उशिरा आटपली आणि आम्ही घाईत निघालो. वारा जोरात होता. वळताना बोट उलटली. वहिनी शिडाखाली गेल्या. त्यांच्या लाइफ जॅकेटचा पायांमधून घ्यायचा पट्टा लावायचा राहिला होता, म्हणून जॅकेट वर सरकून तोंडावर आलं. बरोबरच्या दोघींनी त्यांना बाहेर ओढलं, मदतीची मोटारबोटही लगेच आली. सगळं मिळून अर्धा मिनिट असेल. वहिनींना इजा झाली नाही, पण त्या तासभर थरथरत होत्या. दुसऱ्या दिवसापासून त्या पाण्याकडे आल्याच नाहीत.

त्यांचे यजमान गटाच्या बैठकीला आले. म्हणाले, "तुम्ही बायकांना पुढे घालता. काही झालं असतं तर पोरांना कुणी बघितलं असतं?" आमच्याकडे उत्तर नव्हतं. वारा जास्त होता, असं सांगता आलं असतं. पण पट्टा आम्ही तपासला नव्हता, हेच खरं होतं. तसं आम्ही त्यांना सांगितलं आणि तसंच इतिवृत्तात लिहिलं. त्या दिवसापासून नियम केला, आपला पट्टा आपण बघायचाच, शिवाय शेजारणीनं तो हातानं ओढून बघायचा. कितीही घाई असली तरी. दोन दिवस बोटीही बंद ठेवल्या. वहिनींनीच निरोप पाठवला, "माझ्यासाठी थांबू नका."

मेच्या दुसऱ्या आठवड्यात क्लबची वर्षाची शेवटची शर्यत होती. आमच्या दोघी-दोघींच्या दोन बोटी. शर्यतीची पद्धत सांगतो. उभी राहिलेली पंचांची बोट आणि एक बोया यांच्यामध्ये सुरुवातीची रेषा धरतात. पाच मिनिटं आधी झेंडा चढतो आणि भोंगा वाजतो. तोवर सगळ्या बोटी रेषेच्या मागे घिरट्या घालतात, कारण शिडाच्या बोटीला ब्रेक नसतो. वेळेआधी रेषा ओलांडली तर मागे फिरून पुन्हा यायचं. पुढे ठरलेल्या बोयांना वळसे घालत फिरायचं. पहिल्या नंबराला एक गुण, दुसऱ्याला दोन. ज्याचे गुण कमी तो जिंकला.

आणि एक नियम आम्हाला फार आवडला. पाण्यावर प्रत्येक बोटीमागे पंच नसतो. वळताना बोयाला बोट लागली तर आपणच बाजूला व्हायचं, स्वतःभोवती एक पूर्ण गिरकी घ्यायची आणि मग पुढे जायचं.

तिसऱ्या फेरीत मावशींची बोट चौथी होती. आठ बोटींत चौथी! शेवटच्या बोयाला वळताना बोटीची मागची बाजू जराशी घासली. मावशी म्हणाल्या, "चल गो, कुणी नाही बघितलं." बरोबर आमच्यातली सगळ्यात धाकटी होती, कॉलेजात जाणारी. ती म्हणाली, "मावशी, आपण बघितलं ना." मावशींनी एक क्षण तिच्याकडे पाहिलं आणि सुकाणू वळवलं. गिरकी पूर्ण होईपर्यंत दोन बोटी पुढे निघून गेल्या. चौथ्या होत्या त्या सहाव्या आल्या. आमची दुसरी बोट शेवटून पहिली.

किनाऱ्यावर वहिनी उभ्या होत्या, सोबत यजमान आणि दोन्ही मुलं. बोट लागताच त्या पाण्यात शिरल्या, गुडघ्याच्या वरपर्यंत, आणि बोटीचा दोर धरला. मावशी म्हणाल्या, "सहावा आला." वहिनी म्हणाल्या, "पट्टे लावलेत ना नीट?" आणि खरोखरच हात लावून बघितले.

पुढे पाऊस आला. क्लबच्या बोटी वर ओढल्या, कोळीवाड्यातल्या होड्या झापांनी शाकारल्या. आम्ही परत पापडांना आणि वसुलीला लागलो. यातून कुणाला नोकरी लागली नाही, गटाच्या पासबुकात काही वाढलं नाही. पण मावशींचे यजमान आता जाळ्यावर निघायच्या आधी त्यांना वाऱ्याचं विचारतात. वहिनी गणपतीनंतर धाकटीबरोबर गावच्या तळ्यावर पोहायला शिकू लागल्या. बोटीत बसायचं की नाही ते त्या स्वतः ठरवतील, आम्ही विचारत नाही. पुढच्या उन्हाळ्यात नव्या येणाऱ्यांनी आधी पोहायला शिकायचं, मग बोट, असं आम्ही ठरवलं आहे. हे आधीच ठरवायला हवं होतं.

मैत्रिणींनो, तुमच्या गावात समुद्र नसेल, नदी असेल, धरण असेल. नावेतून, तरीतून पलीकडे जाताना लाइफ जॅकेट मागा. मिळालं नाही तर बसू नका. मिळालं तर सगळे पट्टे लावा आणि शेजारणीचा पट्टा ओढून बघा. आपल्या मुलींना पोहायला शिकवा. आणि तुमच्या घरातल्या मावशीला, आजीला एकदा भरतीचं, वाऱ्याचं, पावसाचं विचारा. त्यांना काय काय ठाऊक आहे ते तुम्हालाही कळेल.

पुढच्या वेळी पुन्हा भेटू. तोवर सगळ्यांना आमचा नमस्कार.