क्लच तारेचा कीं तेलाचा?



दिवाळें हें बेलापूरजवळचें खाडीकांठचें कोळ्यांचें गांव. नवी मुंबईच्या उंच इमारती त्याच्या पाठीशीं उभ्या राहिल्या, तरी धक्क्याला होड्या लागतात आणि वाऱ्याबरोबर मीठ घरांत येतेंच. अशा हवेंत माझ्याकडे वडिलांची १९६७ सालची स्टँडर्ड हेरल्ड मोटार आहे. गेल्या पावसाळ्यांत एका सकाळीं तिच्या क्लचचें पेडल पायाखालीं गेलें, तें वर आलेंच नाहीं. मिस्त्री म्हणाला, "साहेब, हें तेलाचें लफडें काढून टाका. तार बसवून देतों. पुन्हां बघायला नको." जुन्या मोटारी जपणाऱ्या अनेकांपुढें हा प्रश्न येतो. म्हणून आज त्याचा थोडा विचार करूं.

गिअर बदलतांना इंजिन आणि गिअरपेटी यांचा संबंध क्षणभर तोडावा लागतो. तें काम क्लचचें. पायाचा जोर तेथवर पोंचविण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला तारेचा. सायकलच्या ब्रेकप्रमाणें वेष्टणांतून जाणारी पोलादी तार क्लचची दांडी ओढते. जर्मन बीटल मोटारींत हीच योजना होती, आणि १९८३ सालीं आपल्याकडे आलेल्या मारुति ८०० मध्येंहि हीच. दुसरा मार्ग द्रवाचा. पेडलाशीं एक सिलिंडर, क्लचशीं दुसरा, आणि दोहोंमध्यें द्रवानें भरलेली नळी. पास्कलनें सतराव्या शतकांत सांगितलेला नियम येथें राबतो. दुसऱ्या सिलिंडरचा व्यास पहिल्याच्या दुप्पट असला तर जोर चौपट होतो. मात्र दट्ट्याची चाल चौथाईवर येते. निसर्ग फुकट कांहीं देत नाहीं. हेरल्ड या दुसऱ्या जातीची.

तारेचा मोठा गुण म्हणजे साधेपणा. ती तुटली तर जवळच्या सुट्या तारेनें रस्त्याच्या कडेलाहि काम भागतें. पण तिला तीव्र वळण सोसत नाहीं. घर्षण वाढून पेडल जड होतें. शिवाय क्लचची तबकडी झिजते तशी पेडलाची मोकळी चाल कमी होत जाते. बीटलला ही चाल १० ते २० मिलिमीटर ठेवावी लागते. ती जुळविण्याचा आळस केला तर क्लच घसरतो आणि शेवटीं जळतो.

द्रवाची नळी हवी तशी वळवितां येते. इंजिनाच्या हादऱ्यांचें तिला कांहीं वाटत नाहीं. आणि पुष्कळ मोटारींत तबकडीची झीज ती आपोआप भरून काढते. परंतु हा द्रव हवेंतलें पाणी पितो. डॉट ३ जातीचा कोरडा द्रव निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाहीं, त्यांत ३.७ टक्के पाणी मुरलें कीं ही मर्यादा १४० अंशांवर उतरते. तेंच पाणी सिलिंडरच्या आंतल्या भिंतीला खड्डे पाडतें, आणि त्या खड्ड्यांवर घासून दट्ट्याचें रबर फाटतें. येथें एक सूचना. बाजारांत याला 'ब्रेक ऑइल' म्हणतात, पण तें तेल नव्हे. त्या नांवाला भुलून कोणी इंजिनाचें तेल ओतलें, तर सगळीं रबरें फुगून निकामी होतात.

आतां निवड. आमच्या खाऱ्या वाऱ्याला दोहोंपैकीं कोणाचीच दया नाहीं. तार वेष्टणाच्या आंत, दिसणार नाहीं अशी गंजते आणि एके दिवशीं तुटते. द्रव मुकाट्यानें पाणी पीत राहतो. "पुन्हां बघायला नको" हें आश्वासन म्हणूनच खोटें. उलट, द्रवासाठीं आंखलेल्या पेडलाला तार जोडली तर ओढीचें प्रमाण जमत नाहीं, क्लच पुरता सुटत नाहीं आणि गिअर करकरतात. तार अडकविण्यासाठीं पत्र्याला भोंकें पाडावीं लागतात तीं निराळींच. इंजिन व गिअरपेटीच दुसऱ्या मोटारीची बसविली असेल तर गोष्ट वेगळी.

आणखी एक गोष्ट लक्षांत घ्यावी. जुलै २०२१ मध्यें केंद्र सरकारनें पन्नास वर्षांहून जुन्या खासगी मोटारींसाठीं 'व्हीए' अक्षरांची स्वतंत्र नोंदणी सुरू केली. मोटार मूळ रूपांत राखलेली असावी, सांगाडा, बांधणी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार नसावा, अशी तिची अट आहे. क्लचचें नांव तींत नाहीं. पण 'मूळ रूप' हे शब्द आहेत. म्हणून माझें मत असें: मोटार ज्या क्लचसह कारखान्यांतून निघाली, तोच ठेवावा. तार असेल तर तार, द्रव असेल तर द्रव.

मीं मिस्त्रीला नकार दिला. हेरल्डचें पुढचें झाकण अख्खेंच पुढें उलटतें, त्यामुळें आंतलें सारें उघड्यावर येतें. सिलिंडर सोडविला तेव्हां चहाच्या रंगाचा द्रव बाहेर आला. सिलिंडरला पितळी अस्तर बसवून घेतलें, रबरें व नळी नवी घातली, ताजा द्रव भरला. मुलगा पेडल दाबीत होता आणि मी नळींतली हवा काढीत होतों.

काम संपल्यावर वडिलांची मोटारीची वही उघडली. दर दोन वर्षांनीं द्रव बदलल्याची तारीख त्यांच्या अक्षरांत होती. शेवटची नोंद त्यांच्या आजारपणाआधींची. त्यानंतरचीं पानें कोरीं होतीं. दोष योजनेचा नव्हता, वाऱ्याचाहि नव्हता. त्या कोऱ्या पानावर मीं त्या दिवसाची तारीख घातली.