मागचं दार उघडं

श्रोतेहो, पुढच्या दाराला भक्कम कुलूप आहे; पण आत शिरलेल्या चोरानं मागच्या दाराची कडी काढून ठेवली तर? संगणकातल्या अशा छुप्या वाटेला 'बॅकडोअर' म्हणतात.

जानेवारी २००४ मध्ये 'मायडूम' नावाचा वर्म ई-मेलमधून जगभर पसरला. पत्र पोचलं नाही अशी सूचना वाटावी असा मजकूर आणि सोबत एक फाइल. ती उघडली, की तो संगणकात सापडतील त्या पत्त्यांवर स्वतःच्या प्रती पाठवायचा आणि ३१२७ ते ३१९८ यांपैकी एक पोर्ट, म्हणजे नेटवरून आत यायची वाट, उघडी ठेवायचा. १२ फेब्रुवारीला त्यानं पसरणं थांबवावं, अशी योजना त्यातच होती. दार मात्र उघडंच राहणार होतं. त्याच महिन्यात 'डूमज्यूस' हा दुसरा वर्म त्याच दारानं आत आला!

म्हणून एक चोर सापडला, की काम संपत नाही. संशय येताच आधी इंटरनेट तोडा. दुसऱ्या, निर्धोक संगणकावरून ई-मेलचे आणि बँकेचे पासवर्ड बदला. त्याच संगणकावर अँटिव्हायरसचा बूट होणारा पेनड्राइव्ह तयार करा, आपला संगणक त्यावरून सुरू करा आणि मग तपासा. कारण विंडोज चालू असताना असे प्रोग्राम लपून राहू शकतात. तरीही शंका उरली, तर फक्त आपली कागदपत्रं आणि फोटो काढून घ्या, डिस्क फॉरमॅट करा आणि विंडोज नव्यानं टाका. एक दिवस मोडेल. पण त्या दारानं आणखी कोण आत आलं होतं, हा घोर उरणार नाही.