चुकीच्या उत्तराचे मोल

(हीरक महोत्सवानिमित्त लष्कर मोहल्ला, म्हैसूर येथे झालेल्या व्याख्यानाची संहिता)



शिकवणाऱ्या यंत्राला मुलाचे उत्तर चुकल्याचे कळते. ते का चुकले, हे कळतेच असे नाही. तंत्रज्ञानाच्या साहाय्याने होणाऱ्या अध्यापनाची खरी कसोटी या फरकात आहे.

लष्कर मोहल्ल्यातील मराठी घरातले एखादे मूल डोळ्यांसमोर आणावे. त्याच्या घरी मराठी, तर गल्लीत कन्नड आणि उर्दू. संगणकावरील पाठ त्याला ‘पंचवीस’ लिहावयास सांगतो आणि ते ५२ लिहिते. पडद्यावर लाल फुली उमटते आणि पुढचा प्रश्न येतो. वर्गातील बाई मात्र क्षणभर थांबतात. मराठी ‘पंचवीस’मध्ये आधी पाच ऐकू येतात, मग वीस. कन्नड ‘इप्पत्तैदु’मध्ये आधी वीस, मग पाच, म्हणजे अंक लिहिण्याचाच क्रम. ‘एकोणतीस’ ऐकून ३९ लिहिणाऱ्या मुलाच्या कानात ‘तीस’ घुमत असते. कन्नडमध्ये तीच संख्या सरळ ‘वीस-नऊ’ अशी उच्चारली जाते. अशी चूक आळसाची नसते. तिला कारण असते. २०१९ साली बालभारतीने इयत्ता दुसरीच्या गणितात प्रचलित संख्यानामांबरोबर ‘वीस पाच’ अशी नावेही दिली, तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद उठला. उपायाविषयी मतभेद असू शकतात. अडचण मात्र खरी होती.

मूल्यमापन दोन प्रकारचे असते. शिंपी प्रथम कच्चा टाका घालतो, कपडा अंगावर चढवून पाहतो, खांद्याशी ओढ बसते का ते विचारतो आणि मगच पक्की शिलाई मारतो. हे घडणीतले मूल्यमापन. कपडा तयार झाल्यावर लोक तो पाहून बरावाईट म्हणतात, ते अंतिम मूल्यमापन. १९६७ साली मायकेल स्क्रिव्हन यांनी हा भेद नावे देऊन मांडला. परीक्षेचे गुण शेवटी येतात. तोवर पाठ बदलण्याची वेळ टळून गेलेली असते.

या विचाराची मोठी परीक्षा भारतात १९७५–७६ मध्ये झाली. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर एका अमेरिकी उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरदर्शनचे शैक्षणिक कार्यक्रम पोहोचले. कर्नाटकातील विजापूर, गुलबर्गा आणि रायचूर हे जिल्हे त्यांत होते. सकाळी शाळेतील मुलांसाठी साडेबावीस मिनिटांचे कार्यक्रम असत. ते केवळ प्रक्षेपित करून काम संपले नाही. समाजशास्त्रज्ञांनी प्रेक्षकांचा आधीच अभ्यास केला, नमुन्याचे कार्यक्रम दाखवून प्रतिसाद टिपले. काही खेड्यांत मानववंशशास्त्रज्ञ मुक्कामाला राहिले. वर्षअखेरीस निष्कर्ष संमिश्र निघाले. मुलांची भाषा आणि जाणून घेण्याची ओढ वाढली. शाळेची पटसंख्या व गळती यांत मात्र लक्षणीय फरक पडला नाही. हा दुसरा निष्कर्षही लपविला गेला नाही, हे त्या प्रयोगाचे मोठेपण.

पुढे बडोद्यात चौथीच्या मुलांना आठवड्यातून दोन तास गणिताचे संगणकीय खेळ देण्यात आले. मुलाच्या वकुबाप्रमाणे प्रश्न सोपा वा अवघड होत असे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार मुलांचे गणित लक्षणीय सुधारले. परंतु कार्यक्रम संपल्यावर वर्षभरात त्यातील बराचसा लाभ ओसरला. गुजरातमधील दुसऱ्या एका अभ्यासात तशाच संगणकीय पाठांनी नेहमीच्या तासांची जागा घेतली, तेव्हा मुले मागे पडली. शाळेच्या वेळेबाहेर जोड म्हणून दिले, तेव्हा पुढे गेली. जवळजवळ तेच साधन, परिणाम मात्र उलटे. मोजले नसते तर दोन्ही ठिकाणी केवळ नव्या संगणकांचे कौतुक झाले असते.

म्हैसूरमध्ये १९६३ पासून शिक्षक घडविणारी प्रादेशिक संस्था आणि १९६९ पासून भारतीय भाषा संस्थान आहे. भाषा आणि अध्यापन यांचा एकत्र विचार या नगरीला परका नाही. म्हणून शाळेत नवा डिजिटल फळा किंवा नवे अॅप येईल, तेव्हा पालकांनी किमतीबरोबर तीन प्रश्न विचारावेत. हा पाठ कोणत्या मुलांवर पडताळून पाहिला? चुकलेल्या मुलाला तो फुली दाखवितो की वाट? आणि येथील शिक्षकांनी कळविलेली अडचण पाठ रचणाऱ्यापर्यंत पोहोचून त्यात बदल होतो काय?

पुण्यात शिवलेला कपडा म्हैसूरच्या मुलाच्या अंगाला जसाच्या तसा बसेलच असे नाही. मराठी घरी टिकवून कन्नड प्रदेशात वाढणाऱ्या मुलाचे माप त्याच्या शिक्षकांनी आणि पालकांनीच कळवावयास हवे. ते कळविले नाही, तर यंत्र त्या मुलाला ‘कच्चा’ ठरवून पुढे जाईल. कच्चा राहिलेला असेल तो पाठ.