विम्याचे मोजमाप वस्तीच्या दारात



अनेकांनी थोडे थोडे देऊन एकावर कोसळणारे संकट सर्वांत वाटून घेण्याची व्यवस्था म्हणजे विमा होय. मुंबईच्या उपनगरांत या व्यवस्थेची सर्वाधिक गरज ज्यांना आहे, ती कुटुंबे घाटकोपर-असल्फ्याच्या टेकड्यांवर, मुलुंडच्या डोंगरउतारावर आणि बोरिवली परिसरातील दहिसर व पोईसर नद्यांच्या काठी राहतात. आणि नेमक्या याच कुटुंबांपर्यंत विमा अद्याप अपुऱ्या स्वरूपात पोहोचला आहे.

शासकीय योजनांनी काही अंतर निश्चित कापले आहे. 2015 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला 20 रुपये हप्ता भरल्यास अपघाती मृत्यू झाल्यावर वारसाला 2 लाख रुपये मिळतात, आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेमुळे रुग्णालयातील उपचारांचा मोठा भार हलका होतो. परंतु घरात पाणी शिरून धान्य, शिलाई यंत्र आणि मुलांची पुस्तके भिजली, किंवा घरकामगार स्त्रीचे सलग चार खाडे पडून तेवढी मजुरी बुडाली, तर ते नुकसान या योजनांच्या कक्षेत येत नाही. नेहमीचा मालमत्ता विमा घ्यावा, तर घराची कागदपत्रे, वस्तूंच्या पावत्या आणि नुकसानीची पाहणी यांची साखळी उभी राहते, जी पुरात सर्वस्व भिजलेल्या कुटुंबाला पूर्ण करता येत नाही.

या अडचणीवर निर्देशांकाधारित विमा हा एक मार्ग आहे. यात प्रत्येक घराच्या नुकसानीची पाहणी न करता पाऊस किंवा तापमान यांची ठरावीक मर्यादा आधीच निश्चित केली जाते आणि ती ओलांडली जाताच भरपाई दिली जाते. पर्जन्यमानावर आधारित विम्याची कल्पना म्हैसूर संस्थानातील जे. एस. चक्रवर्ती यांनी 1920 मध्येच पुस्तकरूपाने मांडली होती, म्हणजे ती परदेशातून उसनी आणलेली नाही. 2024 च्या मे महिन्यात उष्णतेच्या लाटेत याच तत्त्वावर 'सेवा' या महिला कामगार संघटनेच्या राजस्थान, महाराष्ट्र व गुजरातमधील सुमारे 50,000 सदस्यांना प्रत्येकी 400 रुपये मिळाले. ही रक्कम लहान असली, तरी ती कोणताही दावा दाखल न करता मिळाली, हे तिचे महत्त्व आहे.

मात्र या पद्धतीचा न्याय पर्जन्यमापकाच्या जागेवर अवलंबून असतो. 26 जुलै 2005 च्या अतिवृष्टीत चोवीस तासांत सांताक्रूझला 944 मिलिमीटर, तर कुलाब्याला अवघा 73 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच दिवशी साकीनाक्याला दरड कोसळून घरे माणसांसह गाडली गेली. आणि कुलाब्याच्या नोंदीवर बेतलेला विमा त्या कुटुंबांना एक रुपयाही देऊ शकला नसता. म्हणून पर्जन्यमापकांचे जाळे वस्त्यांच्या जवळ विणणे आणि त्यांच्या नोंदी सर्वांसाठी खुल्या ठेवणे हा विम्याचाच भाग मानला पाहिजे.

मापकांनंतर या विम्याचा दुसरा आधार विश्वासाचा आहे. वस्त्यांतील स्त्रिया भिशी चालवतात, त्यामुळे सामूहिक बचतीची शिस्त त्यांना नवी नाही. हप्ता भरूनही संकट न आल्यास पैसे परत का मिळत नाहीत, एवढेच त्यांना प्रामाणिकपणे समजावून सांगावे लागते. प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये मुंबईत खानावळी चालवणाऱ्या स्त्रियांसाठी अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले आणि त्यांच्या कन्या मेधा पुरव-सामंत यांनी 1993 मध्ये पुण्यात सुरू केलेल्या अन्नपूर्णा परिवाराने पुढे सदस्यांच्या वर्गणीतून परस्पर साहाय्याचा आरोग्यनिधी चालवला. आपल्याच वर्गणीचा निधी आपल्या डोळ्यांसमोर वापरला जातो, तेव्हा विमा हा परक्या कार्यालयातील कागद राहत नाही.

तरीही विमा हा सुरक्षिततेला पर्याय नव्हे. जुलै 2000 मध्ये घाटकोपरच्या आझाद नगरात दरडीखाली गेलेले जीव कोणत्याही भरपाईने परत येणारे नव्हते. तेथे संरक्षक भिंत, पाण्याचा निचरा आणि सुरक्षित पुनर्वसन यांनाच अग्रक्रम द्यावा लागतो. शिवाय ज्यांनी हवामानबदलाला सर्वांत कमी हातभार लावला, त्यांच्याच तुटपुंज्या कमाईतून संपूर्ण हप्ता वसूल करणे अन्यायाचे ठरेल. त्यातील मोठा वाटा शासनाने, महानगरपालिकेने आणि मालकवर्गाने उचलला पाहिजे.

आज पदवी स्वीकारणाऱ्या स्नातकांपैकी कोणी विमागणिती होतील, कोणी अभियंते, कोणी अधिकारी, तर कोणी समाजकार्यकर्ते. विमागणितींनी हप्ता ठरवताना मजुरीचा खाडा हेही नुकसान म्हणून मोजावे, अभियंत्यांनी मापक टेकडीवर आणि नदीकाठी नेऊन बसवावेत, अधिकाऱ्यांनी भरपाई काही दिवसांत थेट खात्यात पोहोचेल असे नियम करावेत आणि कार्यकर्त्यांनी योजनेच्या अटी मराठीत, सोप्या शब्दांत, सही घेण्यापूर्वी वाचून दाखवाव्यात. ज्या समाजाच्या श्रमांवर हे महानगर उभे आहे, त्याचे संकट वाटून घेणे हे या पदवीबरोबर आलेले कर्तव्य आहे, आणि ते प्रत्येक स्नातकाने आजपासूनच स्वीकारावे.